कागदावरची चौथी ओळ

“आ करा. अजून मोठा,” डॉक्टर उपाध्येबाई म्हणाल्या. “बँडवाल्याचं तोंड ना हे? मग लाजतंय कशाला?”

जावीर मास्तरांनी आ केला आणि बाईंनी मान मागे घेतली. वास मलाही आला. अकरा वर्षं मी त्या माणसाच्या डाव्या अंगाला उभा राहून दुसरी क्लॅरोनेट वाजवत होतो, पण खुर्चीवरचा दिवा आत पडला तेव्हा ते तोंड मी पहिल्यांदा नीट बघितलं. हिरड्या दातांना सोडून वर सरकल्या होत्या. दाढांच्या जागी काळे खुंट होते. जीभ कोरडी पडून पांढरी झाली होती. आणि वरच्या पुढच्या दातांच्या मुळाशी बोराएवढा फुगवटा होता. बाईंनी तो बोटानं दाबला तसा पू आला.

“तंबाखू?”

“न्हाई,” मास्तर म्हणाले.

“बिडी?”

“कवातरी.”

“गांजा?”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. आमच्यात उस्तादाची झाकली मूठ शिष्यानं उघडायची नसते. दुसऱ्यासमोर तर नाहीच. मी लगेच म्हणालो, “छे छे बाई. सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाईत आमचे मास्तर.”

त्याच सकाळी सांगलीच्या एसटी स्टँडमागच्या भिंतीआड मी त्यांना दोन चिलमी भरून दिल्या होत्या. दात दुखायला लागला की दम मारायचा, हे त्यांचं औषध. दवाखान्यात जायचं म्हणून त्या दिवशी एकाऐवजी दोन. त्या चिलमी मी अगदी साफ मनानं भरल्या, हे आधीच सांगून ठेवतो. पुढच्यांबद्दल असं सांगता येणार नाही.

बाईंनी सुई दिली. दोन मिनिटं झाली नाहीत तोच मास्तरांनी खुर्चीचे हात धरले. कपाळावर घाम फुटला.

“भिवा,” ते म्हणाले, “छातीत ताशा वाजाय लागलाय रं.”

बाईंनी मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि हातातली हत्यारं ताटात टाकली. त्यांनी आवाज चढवला नाही. “कधी ओढला?” एवढंच विचारलं.

“सकाळी.”

“किती?”

“दोन भरल्या.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “आणि तुम्ही मला सुपारी सांगत होता. ह्या सुईत काळीज पळवणारं औषध असतं. गांजाही तेच करतो. दोन्ही एकदम अंगात गेले की काय होतं माहिती आहे? खुर्चीतच गेला असता माणूस. मग सुपारी वाटत बसला असतात गावभर.”



बाई म्हणाल्या, आज काही करायचं नाही. आठ दिवस गांजा बंद ठेवा, मग या. हे ऐकलं आणि मास्तर, जे मामलेदारापुढेही वाकत नसत, ते खुर्चीतून उठून हात जोडायला लागले. कारण हिशेब सरळ होता. चैत्रात आमच्या गावी भैरोबाची जत्रा. जत्रेत सगळ्या तालुक्यातले बँड देवळासमोर वाजवतात आणि सगळ्यांत सरस वाजवील त्याच्या डोक्याला गावचा मानाचा फेटा बांधतात. सलग चौदा वर्षं तो फेटा मास्तरांच्या डोक्याला होता. जत्रेला जेमतेम साडेसहा आठवडे उरले होते आणि बाईंनी सुई द्यायच्या आधीच सांगितलं होतं, की हिरडी उघडून मुळं साफ करून शिवली, की सहा आठवडे वाद्य तोंडाला लावता येणार नाही. एक आठवडा पुढे ढकललं की जत्रा गेली.

“दात काढू नका, फोडू नका,” मास्तर म्हणाले. “वरचे हे चार टेकल्याबिगर सूर निघत न्हाई. पोटाचं सोडा. फेटा जाईल माजा.”

बाईंनी त्यांना तासभर बाकावर निजवून ठेवलं. नाडी ठिकाणावर आली तेव्हा म्हणाल्या, “ठीक आहे. पण आता दुसरी सुई, साधी. ती लवकर उतरते, आणि गांजा ओढणाऱ्याला भूल कमीच पडते असा माझा अनुभव आहे. मधे दुखेल. दुखलं की हात वर करायचा. हलायचं नाही.”

मला त्यांनी खुर्चीच्या पायाशी उभं केलं. पाय हलले तर धरायला.

पाय हलले नाहीत. सुई कधी उतरली ते मात्र मला कळलं, कारण मास्तरांच्या पायाची बोटं आत वळली आणि तशीच राहिली. बाई आत काहीतरी खरवडत होत्या, तो आवाज लोखंडी तव्यावर उलथनं फिरवावं तसा येत होता. मास्तरांनी हात वर केला नाही. दोन्ही हात छातीवरच्या टॉवेलवर होते, आणि त्या हातांची बोटं हलायला लागली होती.

आधी मला वाटलं, वेदनेनं हलताहेत. मग डाव्या हाताचं पहिलं बोट उठलं, परत टेकलं, खालची दोन दाबली गेली, आणि माझ्या अंगावर काटा आला. मास्तर वाजवत होते.

जत्रेत मास्तर सुरुवातीला एकटेच वाजवत. ढोल नाही, ताशा नाही, नुसती क्लॅरोनेट. पाचच मिनिटं, पण बाया डोळ्याला पदर लावायच्या आणि फेटा तिथेच ठरून जायचा. ते कसं वाजतं हे त्यांनी कुणालाही शिकवलं नव्हतं. वाजवताना बोटांवर हातरुमाल टाकायचे. मी अकरा वर्षांत तीनदा विचारलं. दोनदा शिव्या बसल्या. तिसऱ्यांदा बारामतीच्या एका वरातीत, नवरदेवासमोर, सगळ्या बँडदेखत म्हणाले, “तुजं ओठ बग आरशात. म्हशीचं हायेत. तू मरंपतूर दुसराच वाजवणार.” वऱ्हाडी हसले. मीही हसलो. काय करणार?

आणि आता दिवा डोळ्यावर, तोंडात लोखंड, अशा वेळी तो माणूस कळ सोसायला तेच वाजवत होता. रुमाल नव्हता. मी पाय धरायचे सोडून बोटं बघत राहिलो. त्यांनी ते तीनदा वाजवलं. तिसऱ्यांदा माझ्या पँटच्या शिवणीवर माझीही बोटं त्यांच्याबरोबर चालत होती.

टाके घालून झाल्यावर बाईंनी तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि एका कागदावर पाच ओळी लिहिल्या. मास्तर डोळे मिटून पडले होते. बाई त्यांच्या अंगावरूनच माझ्याशी बोलल्या.

“ह्यांचं डोकं आत्ता ठिकाणावर नाही, म्हणून तुम्हाला सांगते. वाचता येतं ना?”

“सातवी पास हाय बाई.”

“मग ऐका. एक, ह्या गोळ्या जेवल्यावर तीनदा. दोन, आठ दिवस पातळ आणि गार. ताकभात, आंबील. तीन, उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्यानं हलकी गुळणी. चार.” त्यांनी पेन कागदावर आपटलं. “पंधरा दिवस काहीही ओढायचं नाही. बिडी नाही, चिलीम नाही, सरबताची नळीसुद्धा नाही. आत रक्ताची गाठ धरली आहे, तिच्यावर सगळं अवलंबून आहे. दम मारला की गाठ सुटते, टाके उसवतात. त्यात गांज्यानं ह्यांच्या तोंडातली लाळच सुकून गेली आहे. लाळ म्हणजे तोंडातली भांडीवाली. ती कामावर आली नाही तर मोरीचं काय होतं? तेच ह्या तोंडाचं झालंय. एकदा ओढलं ना, तर हे चारही दात गेले म्हणून समजा.”

“आन पाच?”

“सहा आठवडे वाद्य नाही. हे सगळं घरच्या बाईंना सांगा. पुरुषाला सांगून उपयोग नसतो.”

घरी पोचलो तेव्हा कोंडाकाकी, मास्तरांची बायको, भांडी टाकून ओल्या हातानंच पुढे आली. मास्तर पडवीतल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. काकीला अक्षरओळख नव्हती. तिनं कागद हातात घेतला, उलटा धरला आणि परत माझ्याकडे दिला.

“वाच बाबा. एकबी सोडू नगंस.”

मी वाचलं. एक, गोळ्या. दोन, ताकभात. तीन, मिठाची गुळणी. चार, सहा आठवडे वाद्य तोंडाला लावायचं नाही.

“एवढंच?”

“एवढंच.”

“आन ह्यांचं ते धुराडं? त्याचं काय म्हनल्या बाई?” काकीचा त्या चिलमीवर दात होता. वीस वर्षं ती चिलीम उकिरड्यावर फेकायला निमित्त शोधत होती. बाईंचा एक शब्द पुरला असता. तिनं मास्तरांना पंधरा दिवस बाजेला बांधून घातलं असतं.

“कागदावर तर काय न्हाई त्याचं,” मी म्हणालो.

काकीचा चेहरा पडला. तिनं कागदाची घडी केली आणि देव्हाऱ्यात भैरोबाच्या तसबिरीमागे खोचून ठेवली.

मी ठरवून केलं का? लोक असं विचारतात तेव्हा त्यांना ‘नाही’ ऐकायचं असतं. ठरवायला एसटीचा दोन तासांचा रस्ता मिळाला होता. मास्तर खिडकीला डोकं टेकून कण्हत होते आणि मी गुडघ्यावर बोटं वाजवत होतो. सूर आता माझ्याकडे होते. माझ्यात आणि फेट्यात फक्त चार दात उरले होते.

तीन दिवस काही झालं नाही. तोंडाची सूज बरीच उतरली. मास्तर ताकभात ओरपत होते, गुळण्या करत होते, लहान लेकरागत काकीचं ऐकत होते. मी रोज दुपारी जाऊन बसायचो. वाटायचं, हा माणूस आपसूकच चिलीम विसरला तर? मग मी काहीच केलं नाही असं होईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं असंही वाटायचं, आणि लगेच राग यायचा.

चौथ्या दिवशी काकी दळण घेऊन गिरणीत गेली. मास्तर परसातल्या लिंबाखाली बाजेवर बसले होते. मी पायाशी. बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. मग बोलता येत नव्हतं म्हणून म्हणा किंवा सवयीनं म्हणा, त्यांनी उजव्या हाताचा पंजा उताणा करून माझ्यापुढे धरला.

त्याचा अर्थ आमच्या बँडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होता. उस्तादानं पंजा पुढे केला की शिष्यानं चिलीम भरायची. नाही म्हणायची रीत नाही. अकरा वर्षांत मी एकदाही नाही म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशी ही रीत मला फार सोयीची झाली.

“भरू?” मी विचारलं.

त्यांनी पंजा तसाच धरला.

मी कनवटीची पुडी काढली. तळहातावर गांजा चुरला, बिया वेचून टाकल्या, चिमूटभर तंबाखू मिसळली, चिलमीत खडा टाकून वर भरलं. साफी, म्हणजे चिलमीच्या बुडाला गुंडाळायचं फडकं, पाण्यात भिजवून पिळली. हे करताना माझे हात थरथरले नाहीत. उलट त्या दिवशी इतकी झकास भरली गेली, की काय सांगावं. काडी मी ओढली. मास्तरांनी चिलीम ओठाला लावली आणि त्या जळत्या काडीवरून माझ्याकडे एकटक बघत राहिले. ओढेचनात. काडी माझ्या बोटापर्यंत जळत आली.

“विझंल, मास्तर,” मी म्हणालो.

मग त्यांनी दम मारला. गाल आत गेले, मानेच्या शिरा उठल्या. मोठा दम होता. धूर सोडला आणि रिवाजाप्रमाणे चिलीम माझ्याकडे सरकवली. पहिली उस्तादाची, दुसरी शिष्याची. मी घेतली, तोंडाजवळ नेली आणि थांबलो. साफी लाल झाली होती.

मी ती उलट्या बाजूनं गुंडाळली आणि ओढली. मग परत त्यांना दिली.

काकी यायच्या आत आडावर जाऊन साफी धुतली. पाणी तांबूस झालं, ते कर्दळीच्या बुडाशी ओतलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पुन्हा पंजा धरला. आणि तिसऱ्या. चौथ्या दिवशी त्यांनी धरायच्या आधीच मी पुडी सोडली होती.

नवव्या दिवशी त्यांचा वरचा ओठ नाकापर्यंत सुजला. डावा डोळा बुजला. तापानं अंग भाजत होतं आणि तोंडातून असा वास येत होता की काकीनं नाकाला पदर लावून त्यांना जीपमध्ये घातलं. तीही बरोबर आली. मी नको म्हणत होतो.

उपाध्येबाईंनी ओठ वर केला आणि काही क्षण तसाच धरून ठेवला. टाके उसवले होते, हिरडी काळी पडली होती, आतलं हाड दिसत होतं. चारही दात बोटानं हलत होते. बाईंनी खरं म्हणजे हत्यारच वापरलं नाही म्हटलं तरी चालेल. चार दात ताटात एकामागून एक वाजले. टण, टण, टण, टण. मला तो आवाज अजून येतो, हे मी कौतुकानं सांगत नाही.

“ओढलंत तुम्ही,” बाई म्हणाल्या. “चौथी ओळ काय लिहिली होती मी? चिलीम नाही, बिडी नाही. स्पष्ट मराठीत लिहिली होती. बाई, तुम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही?”

कोंडाकाकी माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अजून ते सगळं तिच्या डोक्यात शिरत होतं. “चवथी?” ती म्हणाली. “चवथी तर वाद्याची…”

 आता काकी देव्हाऱ्यातला कागद आणवील, बाई वाचतील, आणि मग संपलंच. 

खुर्चीतून मास्तरांचा आवाज आला. रक्तानं भरलेल्या तोंडातून, दात नसलेला, हवा गळणारा आवाज.

“भिवानं सांगितलं व्हतं. मला येगळं घेऊन सांगितलं. मीच म्हनलं, काकीला सांगू नगं. माजीच तलप. त्येला बोलू नगा कुनी.”

काकीनं कपाळावर हात मारून घेतला आणि तिथेच भुईवर बसली. नवऱ्याला ती जे काही बोलली ते सगळ्या दवाखान्यानं ऐकलं. मला ती म्हणाली, “तुजं काय चुकलं बाबा. ह्यो माणूसच कपाळकरंटा.”

मी सुटलो. आणि मला वाटलं, तापात बरळले. किंवा म्हाताऱ्याला खरंच वाटतंय की मी सांगितलं होतं. गांजानं माणूस विसरतो म्हणतात. मी हेच धरून बसलो, कारण धरण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

चैत्रात जत्रा आली. सकाळी दहाच्या उन्हात देवळासमोर सात बँड उभे राहिले. आमचा नंबर आला तेव्हा मी पुढे झालो आणि मागे हात करून ढोल-ताशे थांबवले. खिशातून हातरुमाल काढून बोटांवर टाकला. गर्दीत कुणीतरी म्हणालं, “आरं, जावीर मास्तरचंच हे.”

मी वाजवलं. मला वाईट वाजवता आलं असतं तर आज ही गोष्ट जरा बरी झाली असती. मी चांगलं वाजवलं. बायांनी डोळ्याला पदर लावले. मास्तर देवळाच्या पायरीवर बसले होते, तोंडावर पंचा धरून. शेवटचा सूर मी त्यांच्यापेक्षा थोडा जास्तच लांबवला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. सरपंचांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला आणि म्हणाले, “फेटा बाकी हातचा जाऊ दिला न्हाईस गड्या. फरकसुदीक कळला न्हाई!”

हे मास्तरांनी ऐकलं. ते पायरीवरून उठले आणि चालू लागले.

फेटा डोक्यावर ठेवूनच मी त्यांच्या घरी पाया पडायला गेलो. रीतच आहे तशी. काकी जत्रेत होती. ते लिंबाखाली त्याच बाजेवर बसले होते. मी वाकलो, त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. मी उठून उभा राहिलो.

“मधला सूर खाली पडला,” ते म्हणाले. “डाव्या हाताचं पैलं बोट अर्धं टेकायचं असतं, तू पुरं टेकतोस. खुर्चीच्या पायाशी उभं राहून तेवढं दिसलं नसंल.”



“तुमाला माहीत व्हतं?”

“डोळं मिटलं व्हतं, भिवा. आन दात खिळखिळं व्हतं. कान न्हाई. बाईचा शबूद न शबूद ऐकला मी. एक गोळ्या, दोन ताकभात, तीन मीठ, चार चिलीम.” त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. “आन घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून तुजं वाचनबी ऐकलं.”

परसात एक कोंबडी माती उकरत होती. 

“मग पंजा कशापायी धरला, मास्तर?”

“बगायचं व्हतं. चुकून सोडलीस का कसं, ते. म्हनलं, एकडाव इचारून बगू. न्हाई म्हनंल. ‘मास्तर, नगा’ एवढं तरी म्हनंल.” त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. “काडी बोटापतूर जळाय लागली तरी तू म्हनालास, विझंल.”

मला रडू आलं आणि ते खरं होतं, पण त्याची मला आज लाज वाटते, कारण रडता रडता मी जे विचारलं ते फेट्याबद्दल होतं. “मास्तर, तुमी मला कवातरी दिला असता का? हे वाजवायचं शिकवलं असतं?”

त्यांनी विचार करून उत्तर दिलं. “न्हाई,” ते म्हणाले. “मरंपतूर न्हाई. तेवढं तुज्या मनात खरं व्हतं. पर दात माजं व्हतं रं.”

“मग दुसऱ्या दिवशी कशाला ओढलीत? कळल्यावर तरी थांबायचं…”

“दुसऱ्या दिवशी तलप. पैल्या दमानं तलप जागी झाली. खोटं कशाला बोलू? पैल्या दिवसाचं पाप तुजं, बाकीचं माजं.” मग त्यांनी उजव्या हाताचा पंजा उताणा केला आणि माझ्यापुढे धरला. “भर.”

“मास्तर…”

“आता काय जायाचं ऱ्हायलंय? भर.”

डोक्यावर गावचा फेटा, आणि मी त्यांच्या पायाशी बसून गांजा चुरला. साफी भिजवली. काडी ओढली. त्यांनी दम मारला, पुढचे दात नव्हते म्हणून गाल पार आत गेले. धूर सोडला. मी रिवाजाप्रमाणे हात पुढे केला.

त्यांनी चिलीम आपल्या मांडीवर ठेवली.

त्यानंतर नऊ वर्षं जगले ते. दाढांचे खुंट गेले, खालचे दात गेले, काकी हातानं कालवून भरवायची. मी कुठल्याही गावाला वाजवायला गेलो तरी परत आलो की आधी त्यांच्या परसात जायचो. पंजा पुढे यायचा आणि मी भरायचो. नाही म्हणायची रीत नव्हती, आणि तोंडही नव्हतं. ते एकटेच ओढायचे. चिलीम त्यांनी पुन्हा कधी माझ्याकडे सरकवली नाही, आणि उस्तादानं बंद केलेली गोष्ट बाहेर जाऊन ओढायची माझी छाती झाली नाही. माझा गांजा तिथेच सुटला.

परवा नातसून मला तालुक्याला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पोरसवदा डॉक्टर होता. त्यानं दिवा आत पाडला आणि बघतच राहिला. “बाबा, पासष्टीत एवढे शाबूत दात मी बघितले नाहीत,” म्हणाला. “काही व्यसन नाही वाटतं?”

“न्हाई,” मी म्हणालो. “माज्या मास्तरांनी लागू दिलं न्हाई.”